रविवारी लाँड्रीत झालेला खून

आमच्या सूनबाईला माणूस समोर नसला तरी चालतो, त्याचा कोट पुरतो. काउंटरवर कोट पडला की ती आधी तो हातात तोलते, मग कोपरं बघते, मग खिशांच्या कडा आणि शेवटी कॉलरची आतली बाजू. तोवर गिऱ्हाईक पावतीची वाट बघत उभं असतं. ते गेलं की मला सांगते, "डावखुरे आहेत. खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवतात. आणि परवा कुणीतरी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलंय."

शेवटचं कसं कळलं म्हणून मी विचारलं, तेव्हा तिने खांद्यावरचा काजळाचा पुसट पट्टा दाखवला. तो पट्टा मलाही दिसला होता. मी मनात म्हटलं होतं, तेलकट डाग आहे, आधी पावडर लावावी लागेल. ह्या धंद्यात मी सेहेचाळीस वर्षं काढली, पण तिच्या आणि माझ्या नजरेत एवढा फरक आहे.

लग्न होऊन आली तेव्हा तिला ह्यातलं काहीच येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने एका वकिलांचा पांढरा शर्ट माझ्या मुलाच्या लाल मोज्याबरोबर धुतला. शर्ट गुलाबी झाला. माझ्या हातून हे झालं असतं तर मी आठ दिवस दुकानात तोंड दाखवलं नसतं. ही शर्ट घेऊन थेट वकिलांच्या घरी गेली. "चूक माझी आहे, नवा आणून देते. पण आधी एकदा घालून बघा, तुम्हाला हा रंग शोभेल," म्हणाली. वकिलांनी घालून बघितला. त्याला आता सतरा वर्षं झाली. त्यांचे कपडे अजून आमच्याकडेच येतात आणि गठ्ठ्यात एक तरी गुलाबी शर्ट असतो.

माझे गुडघे गेले तेव्हा मी दुकान तिच्या हाती दिलं. मुलगा गाडीवरून कपडे पोचवतो, पण दुकान तिचं. तिने आल्या आल्या दोन नियम केले. पहिला, नंबराची चिठ्ठी कॉलरला आतून टोचल्याशिवाय कुठलाही कपडा दाराबाहेर जाणार नाही. घरचा असला तरी. माझ्या बंड्यांनासुद्धा नंबर आहेत. दुसरा नियम, कुणी न्यायला न आलेले कपडे मागच्या दांडीवर लावायचे, मालकाला तीनदा फोन करायचा, तीन वर्षं थांबायचं आणि मगच ते कुणा गरजूला द्यायचे. त्या मागच्या दांडीवर नेहमी तीसेक कोट लटकलेले असतात. सूनबाई त्यांना 'आपले पाहुणे' म्हणते.

आता नातीबद्दल. तिला घरात सगळे बटण म्हणतात. दीड वर्षाची असताना तिने शर्टाचं बटण गिळलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस आम्ही सगळे ज्याची वाट बघत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गेल्या वर्षी बटण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत गेली. आधी ती शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यापाशी, डाग काढायच्या टेबलाशी, येऊन बसायची. शाईला काय लावायचं, रक्ताला गरम पाणी का चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं. नव्या शाळेत गेल्यापासून ती मागच्या जिन्याने परस्पर वर घरी जायला लागली. मला वाटलं, अभ्यास वाढला असेल.

मग एके दिवशी दुकानात फोन आला, स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आला. कुणी मुलगा होता, फार नम्र बोलत होता. "तुमचं कपड्यांचं शोरूम किती वाजता उघडतं?" मागून दोघंतिघं हसल्याचं ऐकू आलं. सूनबाईने शांतपणे वेळ सांगितली, फोन ठेवला आणि लेकीला खाली बोलावलं.

"शोरूम कधी काढलं गं आपण?"

बटण काउंटरवरच्या चिठ्ठ्या सारख्या करायला लागली.

"मला सांगितलं असतंस तर मीही जरा बरी साडी नेसून बसले असते."

"मी फक्त म्हटलं होतं, कपड्यांचा व्यवसाय आहे," बटण म्हणाली. "शोरूम त्यांनीच म्हटलं."

"आणि तू नाही म्हणाली नाहीस."

बटण म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मी आत्याकडे जाऊ शिकायला? तिकडची शाळा चांगली आहे."

"इकडची वाईट आहे?"

"तसं नाही."

"मग कसं?"

आत्या म्हणजे माझी मुलगी. रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब राहते. आमच्या घरात मूल असं एकच आहे. ते गेलं असतं तर वरच्या मजल्यावर आम्ही तिघं मोठी माणसं एकमेकांना मीठ पुढे करत जेवत बसलो असतो. पण मला अशा वेळी सुचत नाही.

सूनबाईला सुचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकीला म्हणाली, "पंधरावा वाढदिवस येतोय. वर्गातल्या सात जणांना बोलाव. इथे, दुकानात, रविवारी दुपारी. मी त्यांच्यासाठी एक खून करणार आहे. खेळातला. तो कुणी केला ते त्यांनी शोधायचं. पार्टी फसली, तर तू खुशाल आत्याकडे जा, मी स्वतः सोडायला येईन. जमली, तर वर्षभर हा विषय काढायचा नाही."

"आणि जमली की फसली हे कुणी ठरवायचं?"

"तूच."

बटणाने जरा विचार केला आणि हो म्हणाली. जिना चढताना तिचा चेहरा मी बघितला. पार्टी फसणार ह्याची तिला खात्री होती, आणि तिला त्याचा आनंदही होत नव्हता.

पुढचे दहा दिवस सूनबाई दुकान बंद झालं की मागच्या दांडीपाशी वही घेऊन उभी राहायची. पाहुण्यांपैकी तीन वर्षं उलटलेले आठ कोट तिने निवडले आणि प्रत्येक कोटातून एक माणूस काढला. खिशात खडूची पूड निघाली, ती शिक्षिका. बाह्यांना आतून मोकळे कप्पे शिवलेले होते, तो जादूगार. एका कोटाची पाठ बसून बसून चकाकत होती, तो ड्रायव्हर. आठवा कोट फिकट राखाडी, चांगल्या लोकरीचा, डाव्या खांद्याला घासलेला. तो व्हायोलिनवाला. गोष्ट अशी होती की एका हॉटेलच्या मालकाला कोट ठेवायच्या खोलीत कुणीतरी विषारी सरबत पाजलं. खोलीत येऊन गेलेले आठ जण. प्रत्येक मुलाने कोट चढवायचा, खिशातलं पाकीट उघडायचं, त्यात आपण कोण आणि आपलं मयताशी काय वाकडं होतं ते लिहिलेलं. खुनी कोण हे एका पाकिटातच होतं. बाकी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बटणालाही नाही, मलाही नाही.

"मयताचं काम तुम्ही करायचं, बाबा," ती मला म्हणाली.

"मला जमेल का?"

"एक शब्दही बोलायचा नाही. नुसतं पडून राहायचं."

"मग जमेल."

"म्हणून तर तुम्हाला दिलंय. आणि हो, त्या आठ कोटांना हात लावू नका."

मला वाटलं, तिने कोट क्रमाने लावले आहेत, तो क्रम बिघडू नये म्हणून म्हणत असेल. रविवारी दोन वाजता ती वर केक आणायला गेली. मी खाली एकटा होतो. आठ कोट दांडीवर होते. हात न लावता नुसते बघत चाललो होतो, तर राखाडी कोटाच्या उजव्या बाहीवर लाल डाग. ताजा. रुपयाएवढा.

आता हे कुणाला सांगून पटेल की नाही, मला माहीत नाही. सेहेचाळीस वर्षं ज्याने एकच काम केलं त्याला डाग दिसला की पुढचं आपोआप होतं. मी डागाखाली पांढरं फडकं घातलं, पाणी आणि व्हिनेगर घेतलं, कडेकडून आत टिपत गेलो. लाल सरबत होतं. रंग पाच मिनिटांत फडक्यावर उतरला. सरबताला दुसरं पाणी द्यावं लागतं, त्याशिवाय साखर जात नाही. ते मी देणार, एवढ्यात जिन्यावरून हाक आली, "बाबा, चला, तोंडाला पावडर लावायची आहे." मी कोट होता तिथे टांगला आणि मरायला गेलो.

तीन वाजता मुलं आली. कपडे निवडायच्या लांब टेबलावर मी पडलो होतो. सूनबाईने माझ्या अंगावर चादर घातली, वाकून नीट केली आणि क्षणभर तशीच वाकून राहिली. मग ती दांडीकडे गेली. हँगर सरकल्याचा आवाज आला. मग इस्त्रीच्या टेबलाकडून स्विच दाबल्याचा खटका. रविवारी इस्त्री कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मयताने विचारायचं कसं?

डोळे मिटलेले असले की माणसं आवाजावरून ओळखावी लागतात. एक चष्मेवाली मुलगी होती. चष्मा मी नंतर पाहिला, पण ती प्रत्येक चिठ्ठी दोनदा मोठ्याने वाचायची, त्यावरून मी ताडलं होतं. एक उंच मुलगा होता. त्याचा आवाज ऐकताच मी ओळखला. शोरूमची वेळ विचारणारा तोच.

"लाँड्रीत पार्टी," तो आल्या आल्या म्हणाला. "चला, निदान स्वच्छ तरी होऊन जाऊ."

दोघं हसली. बटणाचा आवाज आला नाही.

सूनबाई म्हणाली, "तू व्हायोलिनवाला. हा कोट घे. बाह्या लांब होतील, पण तुला काही लपवायचं असेल तर बरंच आहे."

पहिली वीस मिनिटं झकास गेली. कोपरं बघ, खिसे बघ, कोण डावखुरा, कोणाच्या खिशात सिनेमाचं तिकीट, ह्यावरून त्यांच्यात चांगलीच जुंपली. चष्मेवालीने ड्रायव्हरला इतके प्रश्न विचारले की तो पोरगा म्हणाला, "अगं, मी खरंच काही केलेलं नाही." मग सूनबाईने शेवटची चिठ्ठी दिली आणि चष्मेवालीने ती दोनदा वाचली, "खुन्याचा हात थरथरला. सरबत त्याच्याच बाहीवर सांडलं."

ती बाही मी पुसून बसलो होतो. चादरीखाली मी बोटं मुठीत मिटून घेतली.

सगळ्या बाह्या तपासल्या गेल्या. कुठेच काही नव्हतं. परत तपासल्या.

"माझी बघा ना," उंच मुलगा म्हणाला. त्याने स्वतःहून हात पुढे केला असणार. "उलटीपालटी करून बघा. आहे काही? काकू, तुमच्याकडे सगळे डाग निघतात असं दिसतंय."

कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी विचारलं, केक कधी कापायचा. खेळ बसत चालला होता, मला तो बसताना ऐकू येत होता, आणि तो मी बसवला होता. उठून सांगावं असं दोनदा वाटलं. पण मेलेला माणूस उठून बसला तर मुलं जन्मभर त्या पोरीला चिडवतील, हेही वाटलं. सूनबाईचे हँगर सरकल्याचे आवाज येत होते.

"मयताचे खिसे कुणी बघितलेत का?" हा बटणाचा आवाज. मेल्यासारखाच होता तोही.

ती माझ्याजवळ आली. चादर बाजूला केली, खिशात हात घातला, माझा हात उचलून बाजूला ठेवायला गेली आणि थांबली. तिने माझी बोटं नाकापाशी नेली. मी एक डोळा किलकिला केला. ती माझ्याकडेच बघत होती. मी डोळा मिटला.

"डाग होता," बटण सावकाश म्हणाली. "काढलाय."

"कशावरून?" चष्मेवालीने विचारलं.

"मयताच्या हाताला व्हिनेगरचा वास येतोय."

"मग? सगळ्या दुकानालाच कसला तरी वास येतोय," उंच मुलगा म्हणाला.

मी परत डोळा किलकिला केला. बटण आईकडे बघत होती. आई पाठ करून हँगर लावत होती, जणू तिचा ह्या सगळ्याशी काही संबंध नाही.

"सगळ्या दुकानाला साबणाचा आणि वाफेचा वास आहे," बटण म्हणाली. "व्हिनेगर फक्त डाग काढताना लागतं. मला माहीत आहे, कारण हे दुकान आमचं आहे आणि हे माझे आजोबा आहेत. शोरूम वगैरे काही नाही. कधीच नव्हतं."

"ते माहीत आहे," चष्मेवाली म्हणाली. "पुढे सांग."

"माहीत आहे म्हणजे?"

"तुझ्या स्वेटरच्या कॉलरला आतून चिठ्ठी असते. चारशे बारा. पहिल्या आठवड्यापासून बघतोय आम्ही."

"आम्ही तुला चारशे बाराच म्हणतो आपसांत," ड्रायव्हर म्हणाला. "वाईट अर्थाने नाही."

"आणि शोरूमचा फोन?" बटणाने उंच मुलाकडे बघून विचारलं.

तो जरा चुळबुळला. "तू खरं सांगतेस का ते बघत होतो."

"सांगितलं आता. दे तो कोट."

"का? माझ्या बाहीवर काही नाहीये."

"नाहीये, म्हणूनच दे. मघापासून एकटा तूच सगळ्यांना बाही दाखवत फिरतोयस. बाकी सगळे लपवतायत."

बटण कोट घेऊन इस्त्रीच्या टेबलाकडे निघाली, मुलं सगळी तिच्यामागे धावली. मी मान वळवून उघड उघड बघायला लागलो, कारण आता मयताकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बटणाने बाही टेबलावर पसरली, बोट लावून बघितलं, वर पातळ फडकं टाकलं. "सरबताचा रंग पाण्याने जातो," ती म्हणाली, "साखर मागे राहते. दिसत नाही. पण तापली की करपते." तिने इस्त्री उचलली. पोरीचा हात माझ्यासारखा पडतो, मनगट सैल आणि खांदा घट्ट. इस्त्री टेकवली, आठ-दहा अंक मोजले, उचलली. परत टेकवली. फडकं काढलं.

राखाडी लोकरीवर रुपयाएवढा तपकिरी डाग वर आला होता, जिथे मी काढला होता अगदी तिथेच.

मग चष्मेवाली म्हणाली, "व्हायोलिनवाला." आणि सगळेच एकदम बोलायला लागले.

"हे चालणार नाही," उंच मुलगा ओरडला. "मयतानेच माझा पुरावा साफ केला. मयत सामील आहे."

"मग मयतालाही पकडा," सूनबाई म्हणाली. ती आता वळली होती.

मला हसू आवरलं नाही. टेबल करकरलं. मुलांनी मला हाताला धरून उठवलं आणि उंच मुलाशेजारी गुन्हेगार म्हणून उभं केलं. त्याने हळूच विचारलं, "आजोबा, रक्ताचा डागही निघतो?" मी म्हटलं, थंड पाण्याने, गरम कधीच लावायचं नाही. इतक्या अनोळखी मुलांसमोर मी त्याआधी कधी बोललेलो नव्हतो.

केक कापून झाल्यावर त्यांनी आपापले डाग काढले. ड्रायव्हरच्या दप्तराला शाई, चष्मेवालीच्या ओढणीला चॉकलेट. बटण माझ्या जागेवर बसली आणि एकेकाला सांगत सुटली, "घासायचं नाही, टिपायचं. बाहेरून आत." उंच मुलगा तोच कोट परत चढवून तिच्या मागे उभा राहून बघत होता. सहा वाजता त्यांना अक्षरशः हाकलावं लागलं.

सगळी गेल्यावर मी सूनबाईजवळ गेलो. ती काउंटरवर सोमवारच्या चिठ्ठ्या लिहीत होती.

"डाग मी काढला," मी म्हणालो. "तू हात लावू नका म्हणाली होतीस."

"चादर घातली तेव्हाच वास आला, बाबा. जाऊन बाहीला बोट लावलं. चिकट होती. तुम्हाला दुसरं पाणी द्यायला वेळ मिळाला नाही, होय ना?"

"म्हणून इस्त्री लावलीस?"

"अडलंच तर मीच फिरवणार होते. पण तिला येईल असं वाटलं. तुमच्या हाताखाली शिकलीय."

"आणि तिला ते सगळ्यांसमोर सांगावंसं वाटलं नसतं तर?"

"तर आत्याकडे गेली असती. तसं ठरलं होतं ना."

हे ती अगदी सहज म्हणाली. पण तिच्या पुढ्यातल्या चिठ्ठ्या मला दिसत होत्या. एकच नंबर तिने चार चिठ्ठ्यांवर लिहिला होता. सतरा वर्षांत असं कधी झालेलं नाही. मी त्या चारही उचलून खिशात घातल्या आणि तिच्यापुढे कोऱ्या ठेवल्या.

तेवढ्यात बटण शाळेचा स्वेटर घेऊन खाली आली. पुढच्या जिन्याने.

"आई, ह्याची चिठ्ठी सुटत आलीय."

"काढून टाकू का? घरच्या कपड्यांना नको तर नको. तेवढा नियम मोडू आपण."

बटणाने चिठ्ठी बोटाने चाचपली. "नको, घट्ट टोच. आणि आत्याला फोन लावून दे ना, सुट्टीत येते म्हणून सांगायचंय. आठ दिवसांसाठी."

सूनबाईने फोन लावला. मी सवयीने राखाडी कोट दांडीवरून उतरवला. करपलेली साखर निघायला दोन दिवस लागतात, पण निघते.

"बाबा," कानाला फोन लावूनच ती म्हणाली, "त्या कोटाला हात लावू नका. पुढच्या वाढदिवसाला लागेल."

ह्या वेळी मी तो होता तिथे टांगला.